सांड्याच्या आतड्यातले जंत

जैसलमेर जिल्ह्यात पशुवैद्यक म्हणून काम करत असताना ऑगस्टमधील एका सकाळी वनरक्षकांनी गोणपाटात बांधलेले नऊ सांडे, म्हणजे वाळवंटातले काटेरी शेपटीचे सरडे, माझ्या टेबलावर आणून ठेवले. सात मेलेले होते, दोन जिवंत. शिकाऱ्यांकडून जप्त केलेला तो मुद्देमाल होता. सांड्याच्या शेपटीतील चरबीचे तेल सांधेदुखीवर आणि पुरुषांच्या दुर्बलतेवर औषध म्हणून रस्त्यावर विकले जाते, आणि प्राणी पळू नये, पण विकला जाईपर्यंत जिवंत राहावा, म्हणून पकडल्याबरोबर त्याच्या पाठीचा कणा मोडून ठेवतात. मेलेल्यांच्या पाठीवरून बोट फिरवले, की कंबरेच्या वर एका जागी ते खाली जाई.

मृत्यूचे कारण लेखी हवे होते, म्हणून शवविच्छेदनाला बसले. पहिल्या नराच्या जठरात हिरवी पाने आणि फुलांचे तुकडे होते. ते मी वहीत नोंदवले आणि मोठे आतडे कापून सलाइनच्या बशीत उघडले. आतला हिरवट लगदा हलत होता. जेमतेम काही मिलिमीटर लांबीचे, टोकाकडे सुईसारखे निमुळते होत गेलेले पांढरे जंत इतके होते, की पाल्याचे तंतू कोणते आणि जंत कोणते हे भिंगाखाली धरल्यावरच कळे. मी मोजायला सुरुवात केली, आणि चारशेच्या पुढे सोडून दिले. तोवर लगद्याचा एक चमचाही संपला नव्हता.

परभणीहून प्रशिक्षणासाठी आलेला मुलगा बाजूला उभा होता. तो म्हणाला, "मॅडम, हा तर जंतांनीच मेला असणार." त्याची चूक नव्हती. शेळीच्या किंवा वासराच्या पोटात एवढे जंत दिसले, तर आपण दुसरे कारण शोधतच नाही. पण या नराची शेपटी मुळाशी चरबीने भरलेली होती, आतड्याचे अस्तर गुलाबी आणि अखंड होते, रक्तस्रावाचा ठिपकासुद्धा नव्हता. उरलेल्या पाच प्रौढांतही तेच दिसले.

सातवे मात्र पिल्लू होते, वीतभरही नसलेले. त्याच्या जठरात भुंगेऱ्यांच्या पंखांची कठीण कवचे आणि वाळवी होती, पाला अगदी थोडा. मोठ्या आतड्यात ते बारीक जंत शोधून शोधून चौदा सापडले. उलट जठरात दोन जाडसर जंत तोंड अस्तरात रुतवून बसले होते. चिमट्याने ओढले तरी सुटेनात. अहमदनगरकडे नोकरीला असताना रस्त्यावर चिरडलेले साधे सरडे मी पुष्कळ उघडले होते, आणि त्यांच्या जठरात मुंग्या-भुंगेऱ्यांच्या तुकड्यांमध्ये असेच जंत पाहिले होते. सांड्याची पिल्ले किडे बरेच खातात आणि वाढता वाढता पाल्यावर जातात. एका पिल्लावरून नियम काढता येत नाही, परंतु आहार आणि जंत यांची जोडी एकाच टेबलावर अशी समोरासमोर मी त्याआधी पाहिली नव्हती.

मुलाला मी कारण समजावून सांगितले. जठरातील त्या प्रकारच्या जंतांची अंडी आधी किड्याच्या पोटात जावी लागतात. अळी तिथे वाढते आणि किडा खाल्ला गेला, की सरड्यात पोचते. किडे खाणे थांबले, की ती वाट बंद होते. आतड्यातील त्या बारीक, सुईसारख्या जंतांना, म्हणजे सूचिकृमींना, असा मधला वाहक लागत नाही. अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि बिळाजवळची माती किंवा पाला तोंडात गेला, की त्याबरोबर आत येतात. शिवाय पाला पचवायला वेळ लागतो, म्हणून शाकाहारी सरड्याचे मोठे आतडे रुंद असते, त्यात घड्यांचे कप्पे असतात आणि अन्न तिथे रेंगाळून आंबते. सूचिकृमींना याहून सोयीचे घर नाही.

याचा मला सर्वांत विलक्षण वाटणारा दाखला एड्रियाटिक समुद्रातला आहे. पॉद मर्चारू नावाच्या क्रोएशियातील चिमुकल्या बेटावर १९७१ मध्ये शेजारच्या बेटावरून पालींसारख्या दिसणाऱ्या भिंत-सरड्यांच्या पाच जोड्या नेऊन सोडल्या होत्या. सुमारे ३६ वर्षांनी पाहिले, तेव्हा मुख्यतः किडे खाणाऱ्यांचे वंशज भरपूर पाला खात होते, त्यांच्या आतड्यात मूळ बेटावर नसलेल्या घड्या तयार झाल्या होत्या, आणि त्याच आतड्यात जंतही होते. हे जंत पाला आंबवायला हातभार लावत असावेत असा अभ्यासकांचा तर्क आहे. बुलफ्रॉग या मोठ्या बेडकाच्या शेवाळ खाणाऱ्या, पाण्यात राहणाऱ्या पिल्लांवर (टॅडपोलवर) झालेल्या प्रयोगात तर जंत असलेली पिल्ले जंत नसलेल्यांपेक्षा लवकर बेडूक झाली. सांड्यात तसेच घडते असे मी म्हणणार नाही. पण गुबगुबीत शेपटीच्या प्राण्यातील जंतांना मारेकरी ठरवणे मला पटत नव्हते.

ते अहवालातही महत्त्वाचे होते. "जंतांचा तीव्र प्रादुर्भाव" असे लिहिले असते, तर आरोपीच्या वकिलाने सांडे आजाराने मेले असे म्हणायला वेळ लावला नसता. मी सातही शवांच्या मणक्यांचे फोटो काढले, तुटलेल्या मणक्यांभोवती साकळलेले रक्त मोजपट्टी ठेवून दाखवले आणि मृत्यूच्या कारणासमोर कण्यावरील आघात लिहिला. जंत खाली, आनुषंगिक आढळ म्हणून नोंदवले. नमुन्यासाठी काही जंत गरम सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये सोडले, तेव्हा वेटोळी घातलेले ते बारीक जीव एका क्षणात ताणून सरळ झाले आणि मुलगा बाटली उजेडात धरून कितीतरी वेळ पाहत राहिला.

जिवंत दोघांचे कणे शाबूत होते. त्यांना सोडण्यापूर्वी जंताचे औषध पाजावे असा चौकीवर आग्रह झाला. मी नको म्हटले. पाणी आणि सावली दिली, दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर त्यांना पकडले होते त्याच मैदानात नेले. एक लगेच जवळच्या बिळात शिरला. दुसरा थोडा वेळ थांबला, समोरच्या झुडपाचे एक पिवळे फूल तोडून खाल्ले, आणि मग गेला.