घरासमोरचा फोटो

राज्य शासनाच्या बालसंगोपन योजनेच्या अर्जाला मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचे बोनाफाईड यांच्याबरोबर मुलांचा पालकासह घरासमोर काढलेला फोटोही जोडावा लागतो. कोरोनात पती गेल्यावर शेजारच्या वहिनींचा अर्ज भरला, तेव्हा तो फोटो मीच मोबाइलवर काढला होता. धाकटा एका जागी उभा राहीना, थोरलीने त्याचा दंड धरून ठेवला आणि वहिनींनी ऐन वेळी उंबऱ्याबाहेरच्या चपला पायानेच बाजूला सारल्या.

ही योजना फक्त अनाथांसाठी आहे, असा समज अजूनही आढळतो. प्रत्यक्षात आई किंवा वडील यांपैकी एकजण गेलेला असला, घटस्फोट झालेला असला किंवा पालक दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेला असला, तरी बालकल्याण समितीच्या आदेशाने अठरा वर्षांपर्यंत मुलामागे दरमहा अनुदान मिळू शकते. २०२१ मध्ये ते ११०० रुपये झाले आणि २०२३ मध्ये २२५०. मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा, हे २०१५ च्या बालन्याय कायद्याचे तत्त्व आहे. पण केवळ घरात भागत नाही म्हणून मूल वसतिगृहात धाडणाऱ्या आईला ते तत्त्व उपयोगी पडायचे, तर पैसा तिच्या घरापर्यंत यायला हवा, आणि ही योजना नेमके तेच करते, म्हणून मला ती मोलाची वाटते.

मात्र वहिनींचे पैसे कधीच दरमहा आले नाहीत. पाच-सहा महिन्यांचे एकदम जमा होत आणि तोवर किराणा दुकानाच्या वहीत उधारी वाढलेली असे. नियमितपणा हाच ज्या मदतीचा अर्धा उपयोग, ती अशी थकवून देण्याचे समर्थन मला करता येत नाही.

बाकीचे काम समाजाचे. कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव असे अर्ज भरून घेतले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनाने तो इतर ग्रामपंचायतींपुढे आदर्श म्हणून ठेवला. आमच्या गल्लीत ठराव वगैरे काही झाला नाही. गेल्या संक्रांतीला समोरच्या काकूंनी वहिनींना हळदीकुंकवाला बोलावले. त्या गेल्या, थोरलीला सोबत घेऊन, आणि वाण म्हणून मिळालेला स्टीलचा डबा दुसऱ्या दिवशी धाकट्याच्या दप्तरात होता.