बस्त्यात न बसणारी खरेदी

आमच्याकडे लग्नाचा बस्ता म्हणजे दोन गाड्या भरून माणसं. शालू कोणता, मामीला साडी कितीची, विहिणीला काठ केवढा, यावर दुकानदाराच्या गादीवर दुपार जाते. चहा होतो, सरबत होतो, एखादी आत्या रुसून उठते आणि परत बसते. सोन्याचंही तसंच. फक्त नवरीच्या चपलेला कुणी विचारत नाही. बस्त्याच्या यादीत शेवटी 'इतर' असं काहीतरी असतं, ती त्यात.

मला तर हे बरंच वाटतं. अख्ख्या लग्नात नवरीला स्वतःच्या मनाने, चार बायकांचं मत न घेता घेता येईल अशी ही एकच वस्तू असावी. अमळनेरची आजी यंदा लग्न असलेल्या माझ्या भाचीला म्हणालीच, "पायमा काय शे ते कोन देखस वं माय?" कुणी बघत नाही, हीच तर सोय!

भाचीला टाचेची चप्पल हवी होती. नवरदेव उंच आहे, फोटोत आपण त्याच्या खांद्याखाली दिसू, ही धास्ती. आता गंमत बघा. अंतरपाट धरतात तेव्हा दोघं पाटावर, अनवाणी. सप्तपदीला अनवाणी, कन्यादानाला अनवाणी. म्हणजे उंचीची सगळ्यात जास्त तुलना होते त्या घटकेला टाच मांडवाबाहेर पडलेली असते. ती कामाला येते रिसेप्शनच्या स्टेजवर, आणि तिथे काम काय, तर तासन्‌तास उभं राहायचं आणि येईल त्या वडीलधाऱ्याला वाकून नमस्कार करायचा. टाच उंच असली की अंगाचा बराचसा भार चवड्यावर येतो. त्यात शालूच्या निऱ्या आणि गळ्यातला हार सांभाळत पेन्सिल हिलवर वाकायचं म्हणजे कसरत. शिवाय आपल्याकडची लग्नं लॉनवर. मातीवर गालिचा अंथरलेला, टोकदार टाच त्यात रुतते. रुंद ब्लॉक हिल निदान उभी तरी राहते.

तिला आणि वहिनीला घेऊन जळगावच्या फुले मार्केटात गेले ती मुद्दाम संध्याकाळी. दिवसभर चालून, उभं राहून पाय थोडे सुजतात, उन्हाळ्यात जास्तच. वैशाखात पारा 45 अंशांच्या आसपास असताना लागणारं लग्न, आणि चप्पल घ्यायची सकाळच्या गार पायाने? मग ती चावणारच.

दुकानातल्या पोराने काठीने माळ्यावरचे डबे काढून पुढ्यात रास घातली. खड्यांच्या, मोत्यांच्या, सोनेरी मोजड्या. भाचीला एक नाजूक पट्ट्यांची सँडल भावली. पट्टा नेमका अंगठ्याशेजारच्या बोटावरून जात होता. मी म्हटलं, "अगं, इथे जोडवी येणार." दोघीही गप्प. दुकानात दाखवलेला पाय नवरीचा नसतोच; त्यात जोडवी नसतात, पैंजण नसतं, दिवसभराची सूज नसते. वहिनीची जोडवी घालून बघू म्हटलं तर ती एकदम, "सवाष्णीने जोडवी काढतात का?" आणि नवीन जोडवी लग्नाआधी घालायची तर त्याहून अवघड! शेवटी दुकानदारानेच डब्याचा रबरबँड काढला, चार वेढे देऊन तिच्या बोटावर चढवला आणि म्हणाला, "चाला आता, ताई." ती तीन पावलं चालली. चौथ्याला पट्टा रबरात अडकला. सँडल डब्यात परत.

मग घेतली ती पुढून मोकळी, रुंद पट्ट्याची, दीड इंच टाचेची. दिसायला पहिलीइतकी नखरेल नाही, हे मान्य. पण पुढच्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येताना ती हीच घालून येईल. खड्यांच्या सँडली लग्नानंतर माळ्यावर कशा पडून राहतात ते मी घरोघरी पाहिलंय. दोन गोष्टी मात्र तिला बजावल्या. साडीचा फॉल आणि नेसायची उंची हीच चप्पल घालून ठरव, नाहीतर निऱ्या एक तर लोळतील किंवा वर राहतील. आणि लग्नाआधी रोज संध्याकाळी घरात घालून फिर, मोजे चढवून, म्हणजे ती पायाला सैलावेल. आता ती मोजे आणि सोनेरी सँडल घालून धुणं वाळत टाकते म्हणे, आणि आजी पदर तोंडाला लावून हसते.

नवरदेवाच्या बुटांचा थाट वेगळाच. ते पळवायला करवल्या टपलेल्या, राखायला त्याचे मित्र, वर पैशांची घासाघीस. नवरीची चप्पल कुणी पळवत नाही. ती मांडवाच्या कडेला पाहुण्यांच्या ढिगात मिसळते आणि ऐन पंगतीच्या वेळी सगळे 'एक पाय कुठाय' म्हणत शोधत बसतात. म्हणून यंदा कापडी पिशवी शिवून घेतली आहे. पिशवी माझ्या खांद्याला, आत सँडल, बँडेडच्या पट्ट्या आणि स्टेजवरून उतरल्यावर घालायला एक साध्या रबरी चपलांचा जोड. बाकी मानपान ज्याचा त्याने बघावा.