प्रोनचा चौथा महिना : शंभर काडतुसं मोजून घेतली, शंभरांचा हिशेब दिला

रविवारी प्रोनची, म्हणजे मॅटवर पोटावर आडवं पडून मारायची, 60 शॉट्सची पूर्ण मॅच मारली. 588.9. पॉइंट टू टूवर (.22 काडतुसाच्या रायफलवर) आल्यापासूनचा हा माझा सगळ्यात चांगला स्कोर. पहिल्या महिन्यात 571.4 होता, म्हणजे शॉटमागे साडेनऊवरून 9.8 वर आलो. कमाल 654 असतात, त्यामुळे वाट अजून लांब आहे. पण स्लिंग (रायफल हाताला बांधणारा पट्टा) एक घर आवळली, डावं कोपर थोडं पुढे सरकवलं आणि ग्रुप, म्हणजे टारगेटवरच्या भोकांचा पुंजका, एकदम आवळला. ह्याचा आनंद मोठा आहे.

तरी वहीत त्या दिवशीच्या पानावर पहिली ओळ स्कोरची नाही. ती अशी आहे : काडतुसं घेतली 100. पुंगळ्या (उडालेल्या काडतुसांची रिकामी टोपणं) 78, न फुटलेलं 1, परत 21.

ही ओळ लिहायची सवय दुसऱ्या महिन्यात लागली, आणि ती का लागली हे एअर रायफलवरून नव्याने येणाऱ्यांना सांगायलाच हवं. 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये, फ्रान्समधल्या शातोरूच्या रेंजवर, आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने 451.4 गुणांवर कांस्य मिळवलं, तेव्हापासून 10 मीटरच्या एअर रायफलवरून 50 मीटरच्या .22 कडे वळायचं मनात असलेले कितीतरी जण मला भेटलेत. मीही त्यातलाच. तीन वर्षं एअर रायफल मारली. पेलेटची डबी बॅगेत उघडी पडायची, चार पेलेट खिशात राहायचे, कपडे धुताना सापडायचे. कुणाचं काही बिघडत नव्हतं. पेलेट म्हणजे शिशाचा तुकडा, त्यात दारू नाही. आणि 4.5 मिलिमीटर बोअरच्या, 20 ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला 2016 च्या शस्त्र नियमांनुसार परवानाही लागत नाही.

तीच सवय घेऊन मी 50 मीटरच्या मॅटवर आडवा झालो. एके दिवशी सराव संपवून निघताना, पाण्याची बाटली ठेवायला जागा करावी म्हणून जॅकेट पुन्हा घडी घातलं, तर पुढच्या खिशातून एक जिवंत काडतूस हातात आलं. सायटिंग शॉट्सच्या (निशाणा जुळवायच्या, न मोजल्या जाणाऱ्या शॉट्सच्या) वेळी घाईत तिथे ठेवलं असणार. फाटक पन्नास पावलांवर होतं. मी तसाच मागे फिरलो, रेंज ऑफिसरच्या टेबलावर ते ठेवलं आणि झालं ते सांगितलं. सर रागावले नाहीत. त्यांनी रजिस्टर उघडलं, जमा करून घेतलं आणि एवढंच विचारलं, "घरी गेल्यावर सापडलं असतं तर काय केलं असतंस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग मी कायदा नीट वाचला. शस्त्र अधिनियम 1959 चं कलम 3 परवान्याशिवाय दारूगोळा जवळ बाळगू देत नाही, मग तो एक नग असो की हजार. माझा स्वतःचा परवाना नाही. रायफल क्लबची, काडतुसं क्लबची. फाटकाबाहेर त्यातलं एकही माझ्याजवळ असायला कसलाच आधार नाही. विमानतळावर हँडबॅगेत एकच काडतूस निघालं आणि प्रकरण पोलिसांकडे गेलं, शिक्षेचं कलम 25 लागलं, अशा बातम्या आपण वाचतोच. 'ताबा' म्हणजे जाणीवपूर्वक ताबा, असं सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्ये गुणवंतलाल खटल्यात म्हटलंय, आणि पुढे विसरून राहिलेल्या काडतुसांचे गुन्हे उच्च न्यायालयांनी रद्दही केलेत. पण तिथवर पोचेस्तोवर विमान चुकतं, वकील शोधावा लागतो, आणि पासपोर्टपासून नोकरीपर्यंत सगळीकडे त्या नोंदीचं उत्तर देत बसावं लागतं. म्हणून रेंजची बॅग आता फक्त रेंजची. लग्नाला, गावाला, कुठेही ती जात नाही.

रिकाम्या पुंगळीबद्दलही बोलतो. पहिल्या दहा गुणांच्या शॉटची आठवण म्हणून ती कीचेनला लावायचा मोह मलाही झाला होता. कायद्यातल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भागही येतात. पूरक भागांसोबत वापरायच्या हेतूने न ठेवलेल्या किरकोळ भागांना कलम 45 सूट देतं, हे खरं. पण तपासणीच्या रांगेत उभं राहून ते कलम समजावत बसण्यापेक्षा पुंगळ्या डब्यात टाकलेल्या बऱ्या. शिवाय पुंगळ्या मोजल्याशिवाय हिशेब जुळत नाही.

आता रविवारचं ते न फुटलेलं एक. मॅचच्या 31 व्या शॉटला ट्रिगर दाबला आणि नुसतं 'टिक' झालं. एअरमध्ये अशा वेळी हात आपसूक लिव्हरकडे जातो. इथे नाही. बॅरल टारगेटकडेच ठेवलं, गाल उचलला, हात वर केला आणि मनात तीस आकडे मोजले. .22 सारख्या रिमफायर काडतुसात पेटणारं मिश्रण काडतुसाच्या कडेत पसरलेलं असतं. ते कधी नीट पसरलेलं नसतं, कधी पिनचा ठोका हलका बसतो. क्वचित ठिणगी उशिरा पोचते, आणि तेवढ्यात बोल्ट उघडला तर पुंगळी तोंडासमोर फाटते. रेंज ऑफिसर आले, त्यांच्यासमोर बोल्ट उघडला, काडतूस त्यांच्या हातात दिलं. ते कचऱ्याच्या डब्यात जात नाही, पुन्हा मारून बघायचं नाही, खिशात तर नाहीच. ठोका बसूनही ते जिवंतच असतं.

ह्याच्या उलट, आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर जास्त भीती. गोळी नळीत अडकलेली असू शकते. अशा वेळी पुढचं काडतूस भरायचंच नाही, आधी रॉड घालून नळी मोकळी आहे का बघायची.

स्वतःचा परवाना असलेल्या मित्रांसाठी थोडंसं. मूळ परवाना सोबत ठेवा, काडतुसं आणि रायफल वेगवेगळ्या कुलपात न्या, आणि "ह्या दोन डब्या जरा तुझ्या बॅगेत टाक" असं कुणाला म्हणू नका, कुणी म्हटलं तर ऐकू नका. पावसाळ्यात डब्या ओलीला ठेवू नका, उन्हाळ्यात गाडीत तापू देऊ नका. विमानाने जायचं तर चेक-इन सामानातच, एअरलाइनला आधी कळवून, परवानगी घेऊन. स्वतःच्या वापराची काडतुसं माणशी 5 किलोपर्यंत चालतात, त्यातही प्रत्येक कंपनीचे आपापले नियम आधी विचारून घ्या.

आणि हात धुवा. साबणाने, गार पाण्याने, वडापावला हात लावण्याआधी. गोळी शिशाची, आणि पेटणाऱ्या मिश्रणातही बहुतेकदा शिसं असतं. माझी मुलगी दोन वर्षांची आहे, त्यामुळे रेंजचे कपडे मी घरात शिरल्याबरोबर वेगळे धुवायला टाकतो.

जॅकेटचा तो खिसा मी जाड दोऱ्याने शिवून टाकलाय. काडतुसं आता 50 भोकांच्या लाकडी ठोकळ्यात असतात. शेवटचा शॉट झाला की भोकं, पुंगळ्या आणि वही जुळेपर्यंत मॅट गुंडाळत नाही. पुढच्या महिन्यात नीलिंग, म्हणजे गुडघा टेकून मारायचं, सुरू करतोय. त्यात मांडी घट्ट वळते आणि उजवा हात ठोकळ्यापर्यंत पोचत नाही. ठोकळा किती उंचीवर, कशावर ठेवता, हे नीलिंग मारणाऱ्यांनी सांगा. मी सध्या वीस सेंटिमीटरचा छोटा स्टूल करून बघतोय.