देवाच्या नावाची उपसूचना

आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन डिसेंबरात व्हायचं. पण जुने वर्गमित्र भेटले की विषय निघतो तो २५ जानेवारीच्या संध्याकाळचा. त्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये संविधान सभा भरायची. इतिहासाच्या बाईंनी पाडलेली ही प्रथा. प्रसंगही दरवर्षी तोच, १७ ऑक्टोबर १९४९. उद्देशिकेची सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' अशी व्हावी, ही उपसूचना हरी विष्णु कामत मांडतात आणि सभागृह पेटतं.

तयारीचा पहिला मान फळ्याशेजारच्या तसबिरीचा. तसबिरीतल्या उद्देशिकेत 'समाजवादी धर्मनिरपेक्ष' हे शब्द होते. ते आले १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं. मग १९४९ च्या सभेत ते दिसून कसं चालेल? बाई स्टुलावर चढून त्यांच्यावर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवायच्या. के. टी. शहांनी १९४८ मध्येच 'सेक्युलर' शब्द घालायला सुचवलं होतं आणि सभेनं ते नाकारलं होतं, हेही त्या स्टुलावरूनच सांगायच्या. वर म्हणायच्या, "शब्द नव्हता, पण धर्मस्वातंत्र्य देणारा अनुच्छेद २५ होता की!"

भूमिकांसाठी भांडणं व्हायची. अध्यक्ष राजेंद्रप्रसादांना काजळाची मिशी मिळायची, म्हणून ती खुर्ची सगळ्यांनाच हवी. टाळ्या मात्र घ्यायचे रोहिणीकुमार चौधरी. आसामचे हे गृहस्थ कामतांना विचारतात, ईश्वराच्या नावानेच का, देवीच्या नावाने का नको? आम्ही कामाख्येला मानणारे! त्यावर मुलींच्या बाजूनं असा काही गलका उठायचा की घंटा वाजवून वाजवून अध्यक्षांची मिशी फिसकटायची. पूर्णिमा बॅनर्जींच्या वाट्याला दोनच वाक्यं. देवावर मत द्यायची पाळी आमच्यावर आणू नका, अशी त्यांची कामतांना विनवणी. ते काम करणारी आमच्या वर्गातली मुलगी एरवी वर्गात तोंड उघडत नसे. तिनं हात जोडले की हॉल चिडीचूप.

मी नववीत कामत झालो. विरोधात हृदयनाथ कुंझरू, म्हणजे पुण्यात गोखल्यांनी काढलेल्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष. उद्देशिका विचार, श्रद्धा, उपासना यांचं स्वातंत्र्य देते, मग तिच्याच सुरुवातीला सामूहिक श्रद्धा कशी लादायची, हा त्यांचा मुद्दा. हे बोलणारा आमचा मित्र वर्गातला सर्वांत देवभोळा. त्या दिवशी शनिवार होता, मारुतीला जाऊन आलेला, कपाळावर ठसठशीत गंध. रंगभूषा करणाऱ्या ताई ते पुसायला गेल्या, तर बाई म्हणाल्या, "राहू दे. ते असलेलंच बरं."

भाषणं पाठ केलेली असायची, मत मात्र ज्याचं त्याचं. त्या वर्षी माझी उपसूचना चक्क मंजूर झाली. मी हवेत! बाईंनी शांतपणे फळ्यावर खरा आकडा लिहिला: बाजूने ४१, विरोधात ६८. मग त्यांनी हात वर न केलेल्यांना उभं केलं आणि मला विचारलं, "कामत, आता यांच्या वतीनं सही कोण करणार?" मला उत्तर सुचलं नाही. खऱ्या कामतांनाही निकाल जिव्हारी लागला होता, आपल्या इतिहासातला हा काळा दिवस असं ते म्हणाले होते. हे बाईंनी नंतर सांगितलं, बहुधा माझी समजूत घालायला.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदनाआधी पट्टी काढायची राहूनच गेली. मार्चपर्यंत ती तशीच होती आणि शिक्षणखात्याच्या तपासणीतही कुणाच्या लक्षात आली नाही.

आता कुठल्याही मंत्रिमंडळाचा शपथविधी लागला की आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मोजणी सुरू होते. 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो' म्हणणारा कामतांच्या खात्यात, 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो' म्हणणारा कुंझरूंच्या. दोन्ही पर्याय संविधानानंच दिलेत. हिशेब ठेवतो तो गंधवालाच, आणि दरवेळी मी जिंकलो की शनिवारच्या मारुतीचा फोटो पाठवून माझं अभिनंदन करतो.