माझा अनुभव : गणितातील पीएच.डी. आणि नऊ घटकांची रिंग

२०१८ मध्ये नागपुरात गणितातील पीएच.डी.साठी नोंदणी केली तेव्हा मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होते आणि सीएसआयआर-नेटमध्ये, म्हणजे संशोधनाची फेलोशिप आणि अध्यापनाची पात्रता ठरवणाऱ्या राष्ट्रीय परीक्षेत, तीन वेळा अपयश घेऊन बसले होते. त्या प्रश्नपत्रिकेच्या शेवटच्या भागात प्रत्येक प्रश्नाला ४.७५ गुण असतात, एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकतात, आणि बरोबर असलेले सगळे पर्याय ओळखले तरच गुण मिळतात. तीनपैकी दोन पर्याय अचूक ओळखणाऱ्याच्या आणि प्रश्न न वाचणाऱ्याच्या पदरात सारखेच शून्य पडते. त्यामुळे फेलोशिपचा प्रश्न आपोआप मिटला, आणि मी विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेच्या मार्गाने आत आले.

मार्गदर्शक शोधण्यात सात महिने गेले. नियमानुसार एका वेळी प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थीच घेता येतात, त्यामुळे पहिला प्रश्न "तुमचा विषय कोणता?" असा नसून "जागा आहे का?" असा असतो. मला संख्याशास्त्राकडे झुकणारे काहीतरी करायचे होते; जागा मिळाली ती बीजगणितात. विषय आपण निवडतो, असे मुलाखतीत सगळेच सांगतात, मीही सांगितले.

विषय होता शून्यभाजकांचे ग्राफ. बारा तासांच्या घड्याळावर गुणाकार केला, तर २ गुणिले ६ म्हणजे १२, म्हणजेच शून्य. अशा प्रकारे दुसऱ्या एखाद्या अशून्य संख्येशी गुणून शून्य देणाऱ्या संख्या २, ३, ४, ६, ८, ९ आणि १० या सात आहेत; त्यांनाच शून्यभाजक म्हणतात. त्यांचे सात बिंदू काढायचे आणि ज्या दोघांचा गुणाकार शून्य होतो त्यांना रेषेने जोडायचे. २ हा फक्त ६ ला जोडलेला असतो, ३ हा ४ ला आणि ८ ला; म्हणून २ पासून ३ पर्यंत जायचे तर २, ६, ४, ३ असा तीन टप्प्यांचा रस्ता धरावा लागतो. अशा घड्याळासारखी, जिच्यात बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार करता येतात, ती संख्यांची व्यवस्था म्हणजे रिंग, आणि तिच्यातल्या संख्या म्हणजे तिचे घटक. गुणाकाराचा क्रम बदलला तरी उत्तर बदलत नसेल, तर ती क्रमनिरपेक्ष. कोणत्याही क्रमनिरपेक्ष रिंगमध्ये तीनपेक्षा अधिक टप्पे कधीच लागत नाहीत, हे डी. एफ. अँडरसन आणि लिव्हिंग्स्टन यांनी १९९९ मध्ये सिद्ध केले. या विषयाची सुरुवात मात्र बेक यांच्या १९८८ मधील लेखाने झाली आणि त्यांचा प्रश्न रंगांचा होता : जोडलेल्या बिंदूंना एकच रंग येऊ नये, यासाठी कमीत कमी किती रंग लागतील? सगळेच एकमेकांना जोडलेले आहेत असा बिंदूंचा सर्वांत मोठा गट जेवढा, तेवढेच रंग पुरतात, हा त्यांनी बांधलेला अंदाज १९९३ मध्ये डी. डी. अँडरसन आणि नसीर यांनी ३२ घटकांच्या एका रिंगने खोडला, कारण तिथे पाच रंग पुरतील असे वाटत असताना सहा लागतात.

मीही रंगांच्याच मागे लागले. माझी कल्पना अशी होती की, ज्या दोन घटकांना शून्य करणारे घटक अगदी तेच असतात, ते दोन घटक एकमेकांना जोडलेले असू शकत नाहीत. म्हणून अशांचा एक गट करून त्याला एकच रंग द्यावा, आणि मग जितके गट तितके रंग पुरतात. सिद्धता सुटसुटीत होती. ६, १०, १५ आणि ३० तासांची घड्याळे अशी बरीच उदाहरणे मी तपासली होती, आणि या पूर्वप्रमेयावर, म्हणजे पुढच्या सिद्धतांना आधार देणाऱ्या या छोट्या प्रमेयावर, अठरा पाने उभी होती.

फेब्रुवारी २०२० मध्ये माझ्या मार्गदर्शक सरांनी ती पाने उलटली, काही वेळ काहीच बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, "मॅडम, नऊ घेऊन पाहिले का?"

मी फळ्यावर नऊचे उदाहरण, म्हणजे नऊ तासांचे घड्याळ, मांडले. शून्यभाजक दोनच आहेत, ३ आणि ६. तीनला शून्य करणारे घटक ०, ३, ६. सहाला शून्य करणारेही तेच. म्हणजे माझ्या नियमाने दोघांचा गट एक आणि रंगही एक. आणि ३ गुणिले ६ म्हणजे १८, म्हणजेच शून्य : दोघे जोडलेले! खडू हातातच राहिला. माझी सगळी उदाहरणे अशा संख्यांची होती ज्यांना कोणत्याही मूळसंख्येचा वर्ग भाग देत नाही. तिथे अशून्य घटकाचा वर्ग कधी शून्य होत नाही, आणि माझी सिद्धता नकळत त्याच गोष्टीवर टेकलेली होती.

पुढच्याच महिन्यात टाळेबंदी लागली. नागपुरातल्या महाल भागातल्या घरी, उन्हाळाभर कूलरसमोर, वाऱ्याने उडू पाहणाऱ्या कागदांवर खलबत्ता ठेवून मी दुरुस्ती करत बसले. पहिला विचार सोपा होता : ज्यांत वर्ग शून्य होणारे अशून्य घटक नाहीत, तेवढ्याच रिंगांपुरते प्रमेय मांडावे. मग बेक यांचा लेख पुन्हा काढला आणि कळले की, त्या रिंगांचे नेमके उत्तर त्यांनी १९८८ मध्येच दिलेले आहे. तीसच्या घड्याळात माझी पद्धत सहा रंग मागत होती. त्यांच्या पद्धतीने शून्यभाजकांना तीनच पुरतात. हा लेख मी वाचलेला होता, पण प्रस्तावनेत उल्लेख करण्यासाठी वाचला होता, आणि तसे वाचणे वेगळे असते.

दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीसमोर प्रगती अहवाल द्यावा लागतो. त्या वेळच्या अहवालात मी लिहिले, "पूर्वी मांडलेले पूर्वप्रमेय चुकीचे असल्याचे आढळले." समितीतील एका सदस्यांनी ते वाक्य बदलून "पुनर्विचार सुरू आहे" असे करायला सुचवले, आणि मी तसे केले. माझ्या मते, सहा वर्षांत त्याहून खरी प्रगती मी कोणत्याच अहवालात नोंदवलेली नाही.

उरलेले काम ज्यांच्यामुळे माझी सिद्धता मोडली त्या घटकांवरच झाले, म्हणजे ज्यांचा कोणता ना कोणता घात शून्य होतो त्यांच्यावर. २०२१ पासून झेडबी-मॅथ या गणितातील लेखांच्या संदर्भसूचीचा साठा सर्वांना विनामूल्य खुला झाला, आणि घरबसल्या जुने संदर्भ शोधता येऊ लागले, याचा मला फार उपयोग झाला. शेवटी 'स्थानिक' म्हणवल्या जाणाऱ्या रिंगांच्या (नऊचे घड्याळ ही त्यांतलीच एक) काही प्रकारांसाठी रंगांची एक कमाल मर्यादा हाती आली. त्यावरचा लेख एका नियतकालिकाने अकरा महिन्यांनी परत पाठवला, दुसऱ्याने घेतला. प्रबंध सादर करण्याआधी एक प्रकाशित लेख आणि परिषदांतील दोन सादरीकरणे तेव्हा सक्तीची होती.

प्रबंधाच्या साहित्यचौर्य तपासणीत साम्य १४ टक्के निघाले, आणि १० टक्क्यांपर्यंतच ते चालते. अहवाल उघडला, तर रंगवलेल्या बहुतेक ओळी व्याख्यांच्या होत्या. क्रमनिरपेक्ष रिंगची व्याख्या जगभर ज्या शब्दांत देतात, त्याच शब्दांत मीही दिली होती. लागोपाठ १४ शब्दांपर्यंतचे योगायोगाचे साम्य वगळता येते, पण व्याख्या त्याहून लांब असते. मी व्याख्यांची वाक्ये तोडून लहान केली. गणिताच्या दृष्टीने त्या आधीच्याहून वाईट झाल्या आणि साम्य ७ टक्क्यांवर आले.

मौखिक परीक्षा २०२४ मध्ये झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नऊचे उदाहरण विचारले नाही, जे मी पाठ करून गेले होते. त्यांनी विचारले की, माझ्या मर्यादेइतके रंग खरोखरच लागतात अशी एक तरी रिंग मला माहीत आहे का, की ती मर्यादा उगाच सैल आहे? सोळा घटकांपर्यंतच्या रिंगांमध्ये तशी सापडली नाही, त्यापुढचे मी तपासलेले नाही, असे मी सांगितले. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या प्रकरणाकडे वळले.

पदवीची अधिसूचना निघाली; मी अजून तासिका तत्त्वावरच शिकवते. त्या प्रश्नासाठी एक वेगळी वही केली आहे, आणि सध्या तिच्यात ३२ घटकांच्या रिंगा चालू आहेत.