शाळेच्या वर्कशॉपमधला पहिला जॉब: सिरीज बोर्ड

पाबळच्या विज्ञान आश्रमातून आलेला 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय ज्या शाळांत आहे, तिथे ऊर्जा-पर्यावरण विभागात घरगुती वायरिंग येतंच. पहिला जॉब (हाताने करायचं काम) म्हणून सहसा 'एक स्विच, एक दिवा' दिला जातो. माझ्या मते त्याआधी प्रत्येक गटाने सिरीज बोर्ड बनवावा, म्हणजे असा बोर्ड की ज्यात सॉकेटला लावलेल्या वस्तूचा प्रवाह आधी एका बल्बमधूनच जातो, आणि वर्षभराचे बाकीचे सगळे जॉब आधी त्याच बोर्डवर तपासावेत.

कारण साधं आहे. मुलाने जोडलेला बोर्ड थेट मेनवर लावला आणि आत शॉर्ट असला, की एमसीबी (जास्त प्रवाहाला वीज तोडणारा स्विच) पडतो, सॉकेट काळं होतं आणि उरलेला तास चूक शोधण्यात जातो. तोच बोर्ड सिरीजमधून लावला तर नुसता बल्ब भक्कन पेटतो. १०० वॅटच्या बल्बचा रोध २३० व्होल्टला ५२९ ओहम असतो, म्हणजे पक्का शॉर्ट झाला तरी साधारण ०.४३ अँपिअरच प्रवाह वाहतो.

सामान: पीव्हीसी किंवा लाकडी बोर्ड, ६ अँपिअरचा एक स्विच, ६ अँपिअरचं थ्री-पिन सॉकेट, एक होल्डर, १०० वॅटचा फिलामेंटचा बल्ब, दीड मीटर थ्री-कोअर वायर, थ्री-पिन टॉप (भिंतीच्या सॉकेटात जाणारा प्लग) आणि आतल्या जोडणीला १ चौरस मिलिमीटरची मीटरभर वायर. बल्ब पिवळ्या प्रकाशाचा, तारेचाच हवा. एलईडीच्या आत ड्रायव्हर (त्याला वीज पुरवणारं छोटं सर्किट) असतो, त्यामुळे इथे तो लुकलुकत बसतो आणि काहीच कळत नाही. फिलामेंटचे बल्ब आता दुकानात मुद्दाम मागावे लागतात, तेव्हा दोन जास्तीचे घेऊन ठेवा.

जोडणी अशी: पिन टॉपचा फेज स्विचला, स्विचमधून होल्डरला, होल्डरच्या दुसऱ्या टर्मिनलमधून सॉकेटच्या फेजला. न्यूट्रल आणि अर्थिंग थेट सॉकेटला. सॉकेट समोरून पाहताना अर्थची मोठी पिन वर ठेवली, तर फेज उजवीकडे येतो. मुलं इथे हमखास चुकतात, कारण जोडणी मागच्या बाजूने करायची असते आणि तिथून डावं-उजवं उलटं होतं. मागच्या बाजूला पेनने खुणा करून घ्यायला लावा. वायर आठ-दहा मिलिमीटरच सोलायची. जास्त सोलली तर उघडी तार टर्मिनलबाहेर राहते आणि कमी सोलली तर स्क्रू प्लास्टिकवर बसतो. तसा सांधा आज चालतो, पण पुढे गरम होतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बल्ब सॉकेटला पॅरलल जोडणं, म्हणजे सॉकेटच्या वाटेत न घेता थेट फेज-न्यूट्रलमध्ये लावणं. स्विच टाकला की बल्ब छान पेटतो, मुलं खूश होतात आणि सॉकेटवर मात्र पूर्ण मेन येते. म्हणून वीज देण्याआधी मल्टिमीटर लावायचा. बल्ब बसवलेला, स्विच चालू, सॉकेट रिकामं ठेवून पिन टॉपच्या फेज-न्यूट्रलमध्ये मीटरने 'ओपन' दाखवलं पाहिजे. तिथे ४० ओहमच्या आसपास आलं तर बल्ब पॅरलल आहे. मग पिन टॉपचा फेज आणि सॉकेटचा फेज यांत मोजा: इथे तेच ४० ओहम यायला हवेत. आता चलाख मूल विचारणारच, ५२९ कुठे गेले? गार फिलामेंटचा रोध तापलेल्याच्या दहा-बारा पटींनी कमी असतो. हा प्रश्न आला नाही तर तुम्हीच काढा.

ह्याच गार फिलामेंटमुळे एक गोष्ट ठणकावून सांगावी लागते: सिरीज बोर्ड शॉकपासून वाचवत नाही. शरीराचा रोध हजार-दोन हजार ओहम धरला, तर त्यापुढे ४० ओहम काहीच नाहीत आणि शरीरातून शंभरहून जास्त मिलिअँपिअर जाऊ शकतात. वर्कशॉपच्या मेनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज जमिनीकडे गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच, आणि त्याचं टेस्ट बटन दर महिन्याला दाबून पाहायचं. फेज आणि न्यूट्रल एकदम हातात आले तर तोही पडत नाही. म्हणून नियम एकच: जोडणीला हात लावताना पिन टॉप टेबलावर, सगळ्यांना दिसेल असा.

बल्बचा उजेड वाचायला शिकवणं हा यातला खरा अभ्यास. सॉकेटमध्ये ६० वॅटचा फिलामेंटचा बल्ब लावला, की दोन्ही मंद पेटतात, पण ६० वॅटचा जास्त उजळ. पैज लावून घ्या, बहुतेक मुलं १०० वर लावतील. पंखा लावला तर बल्ब मंद राहतो. ९ वॅटचा एलईडी लावला तर एलईडी जवळपास नेहमीसारखा पेटतो आणि सिरीजचा बल्ब काळाच राहतो. इस्त्री मात्र फसवते. १००० वॅटच्या इस्त्रीचा रोध ५३ ओहम, त्यामुळे सिरीजच्या बल्बवर २०९ व्होल्ट पडतात आणि नुसत्या डोळ्यांना ते शॉर्टसारखंच दिसतं. इस्त्री, गीझर, हीटर यांना मल्टिमीटरच लावावा.

जिन्याच्या वायरिंगला (वर-खाली दोन स्विच, दिवा एकच) तर हा बोर्ड अर्धाच उपयोगी. टू-वे स्विचचं कॉमन टर्मिनल (तीनपैकी जे दोन्ही बाजूंना सामाईक असतं ते) चुकलं की बहुधा शॉर्ट होत नाही. दिवा पेटतो, पण एका जागचा स्विच विशिष्ट बाजूला असेल तरच. तिथे दोन्ही स्विचच्या चारही स्थिती कागदावर मांडून तपासायच्या. त्यातल्या दोनमध्ये दिवा पेटला पाहिजे, आणि कुठलाही एक स्विच दाबला की दिव्याची अवस्था बदललीच पाहिजे.