गटाराला आधी कळतं

बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराला लाकडी जिना होता. दादा शाळेतून आला की आधी त्याचा कॅलिपर, पायाला बांधलेला लोखंडी आधार, ऐकू यायचा. लोखंडाचा ठोका, मग पाय ओढल्याची सर्र. १९६६ च्या पावसाळ्यात, तीन वर्षांचा असताना, त्याला दोन दिवस ताप आला आणि तिसऱ्या दिवशी उजवा पाय उचलेना. वाड्यात अकरा मुलं, बाकी कुणाला काही झालं नाही. "माझ्याच लेकराला का?" हे आई आयुष्यभर विचारत राहिली.

पुढे सयाजीराव विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र शिकताना मला उत्तर मिळालं. पोलिओची लागण झालेल्या साधारण २०० जणांत एखाद्यालाच लुळेपणा येतो. बाकीची मुलं खेळत असतात आणि त्यांच्या शौचातून विषाणू कित्येक आठवडे बाहेर पडत असतो. आमच्या वाड्यातही तो बहुधा घरोघर फिरून गेला असणार. आईला हे सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही. "म्हणजे बाकीच्या आयांना कळलंच नाही," एवढंच म्हणाली.

म्हणून सांडपाण्याच्या तपासणीचं मला इतकं मोल वाटतं. पोलिओसाठी मुंबईत ती २००१ मध्ये सुरू झाली. सकाळी घरोघरच्या मोऱ्या-संडास वाहते असताना लिटरभर गटाराचं पाणी भरायचं, थंड ठेवून प्रयोगशाळेत न्यायचं, विषाणू एकवटून पेशींवर वाढवून पाहायचा. देशातला मूळ पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला, पण पाणी तपासणं थांबलं नाही आणि थांबूही नये. २०२२ मध्ये लंडनच्या सांडपाण्यात तोंडावाटे द्यायच्या लशीतल्या दुबळ्या विषाणूपासून बदलत गेलेला पोलिओ विषाणू सापडला. तिथे एकाही मुलाचा पाय गेला नव्हता, तरी १ ते ९ वर्षांच्या सगळ्या मुलांसाठी जादा डोस काढला. मे २०२० मध्ये आपल्या शेजारच्या अहमदाबादेत सांडपाण्यात कोरोनाच्या खुणा मिळाल्या होत्या.

बाटली वस्ती सांगते, घर नाही. घर माणसांनीच शोधायचं. आणि जिथे ड्रेनेज नाही, नुसता खाळकुवा, म्हणजे शोषखड्डा आहे, तिथलं या पाण्यात येतच नाही. त्या वस्त्यांची मला जास्त काळजी वाटते.

पोलिओ रविवारी मी बूथवर करंगळीला खूण करायला बसते, दादा शेजारी खुर्ची टाकतो. मागच्या खेपेला एका आईने विचारलं, "आता कुठे राहिलाय पोलिओ?"

"माझ्या वेळीही कुणाला दिसला नव्हता, ताई," दादा म्हणाला.

तिने बाळाची हनुवटी धरली. दोन थेंब पडले. मी डावी करंगळी हातात घेतली.